बीड की पाटण? भास्कराचार्यांचे आयुष्य आणि ६१ या मूळ संख्येचे दहा अंकी उत्तर

एक पूर्ण संख्या घ्या. तिचा वर्ग करा. त्याला ६१ ने गुणा. आलेल्या उत्तरात १ मिळवा. आता जी संख्या आली ती पुन्हा कोणत्या तरी पूर्ण संख्येचा वर्ग असली पाहिजे. शून्य सोडून अशी सर्वांत लहान संख्या कोणती?

शाळकरी वाटणारे हे कोडे सोडवायला १ पासून एकेक संख्या तपासत गेलात, तर उत्तर २२ कोटी ६१ लाख ५३ हजार ९८० या संख्येपाशी सापडेल. दर सेकंदाला एक संख्या, दिवसरात्र, न थांबता तपासली तरी सात वर्षांहून अधिक काळ लागेल. हे उत्तर भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी लिहिलेल्या ग्रंथात, इसवी सन ११५० मध्ये, मोजक्या पायऱ्यांत काढून दाखवले.

याच भास्कराचार्यांचे गाव म्हणून बीडचे नाव अनेक वर्षे घेतले जाते. त्यांच्या आयुष्यातले नेमके काय पक्के आहे, काय दंतकथा आहे, बीडच्या दाव्यात किती तथ्य आहे आणि ६१ मध्ये एवढे काय दडले आहे, ते पाहू.

जन्मसाल कसे कळले?

जुन्या काळातील बहुतेक विद्वानांच्या जन्मसालाबद्दल अंदाज बांधावे लागतात. भास्कराचार्यांनी ते काम सोपे करून ठेवले आहे. आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि ३६ व्या वर्षी आपण सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ आणि ग्रंथाचे साल ११५०.

वडिलांचे नाव महेश्वर, गोत्र शांडिल्य. महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि मुलाचे गुरूही तेच. म्हणजे आकडेमोड, पंचांग, ग्रहांची गती हे सगळे घरातच होते. गावाविषयी भास्कराचार्य सांगतात ते एवढेच, की सह्य पर्वताच्या आश्रयाला वसलेले, विद्वानांचे विज्जडवीड नावाचे नगर. काही पोथ्यांत हेच नाव विज्जलवीड असे येते. हे विज्जडवीड आज नकाशावर नेमके कुठे, हा वाद इथूनच सुरू होतो.

बीडचा दावा कशावर उभा आहे?

पहिला आधार नावाचा. विज्जडवीड या शब्दाचा शेवट आणि बीड हे नाव, यांतले साम्य कानाला लगेच जाणवते. दुसरा आधार भूगोलाचा. बीड शहर बालाघाटच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी आहे आणि बालाघाट ही सह्याद्रीचीच पूर्वेकडे गेलेली शाखा मानली जाते. तिसरा आधार काळाचा. भास्कराचार्यांनंतरच्या दोन पिढ्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला होत्या आणि आजचा बीड जिल्हा तेव्हा यादवांच्याच राज्यात येत होता. अंबाजोगाईतील खोलेश्वराचे मंदिर आणि तिथले शिलालेख यादव राजा सिंघण याच्या खोलेश्वर नावाच्या सेनापतीचे आहेत. याच सिंघणाच्या दरबारात भास्कराचार्यांचा नातू ज्योतिषी होता.

या तीनही मुद्द्यांना मर्यादा आहेत. नावाच्या साम्यावरून विजापूरचाही दावा केला जातो. भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथाचे फारसी भाषांतर करणाऱ्या फैझीने तर सोळाव्या शतकात बिदरचे नाव घेतले. शिवाय बीडचे जुने नाव चंपावतीनगर होते, अशी परंपरा बीडमध्येच सांगितली जाते. सह्य पर्वताची शाखा म्हणावी तर अजिंठा-सातमाळा रांगेलाही तो मान देता येतो.

दगडावर कोरलेला पुरावा मात्र बीडपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, जळगाव जिल्ह्यात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावातील भवानीच्या मंदिरात, म्हणजे आजच्या पाटणादेवीत, भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ देणारा शिलालेख आहे. मुंबईचे डॉक्टर आणि इतिहास संशोधक भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात तो अभ्यासकांपुढे आणला. त्यात त्रिविक्रमापासून सुरुवात करून पुढे महेश्वर, भास्कर, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव अशी पिढ्यांची नावे येतात. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने या नगरातून बोलावून नेले आणि विद्वानांचा प्रमुख केले, असेही त्यात आहे. या नगरातून याचा अर्थ पाटण असा घेतला, तर निदान मुलाच्या काळात हे घराणे तिथे राहत होते, असे म्हणता येते. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातील अनंतदेव या ज्योतिषाचा शिलालेखही आहे.

थोडक्यात, जन्मगाव म्हणून बीडचे नाव शक्यतांच्या यादीत आहे. घराण्याच्या वास्तव्याचा कोरीव पुरावा मात्र पाटणच्या बाजूने आहे. हा पुरावाही घराण्याच्या वास्तव्याचा आहे, भास्कराचार्यांच्या जन्माचा नाही.

३६ व्या वर्षी नेमके काय लिहिले?

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग आहेत. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती, बीजगणितात अज्ञात संख्यांची गणिते, ग्रहगणितात ग्रहांची स्थिती काढण्याच्या रीती आणि गोलाध्यायात गोलावरची भूमिती व खगोल. पुढच्या काळात लीलावती आणि बीजगणित हे दोन भाग स्वतंत्र ग्रंथांसारखे शिकवले जाऊ लागले.

लीलावतीतील उदाहरणे आजही वाचणाऱ्याला गुंतवतात. वाऱ्याने मोडलेला बांबू, सापावर झेप घेणारा मोर, फुलांवर विखुरलेला भुंग्यांचा थवा असे प्रसंग घेऊन त्यांत त्रैराशिक, वर्गमूळ, काटकोन त्रिकोण बसवलेले असतात. ग्रहगणितात ग्रहाची दिवसाची सरासरी गती पुरेशी नाही, त्या क्षणाची गती काढली पाहिजे, हा विचार ते करतात. आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही कल्पना ओळखीची वाटेल.

६१ चे कोडे आहे ते बीजगणित या भागात. त्याच्या शेजारी ६७ चेही उदाहरण आहे.

६१ चे कोडे एवढे अवघड का?

६१ च्या आजूबाजूच्या संख्या घेऊन पाहा. ६० साठी हेच कोडे लगेच सुटते: ४ चा वर्ग १६, गुणिले ६० म्हणजे ९६०, अधिक १ म्हणजे ९६१ आणि तो ३१ चा वर्ग. ६२ साठी ८ चा वर्ग ६४, गुणिले ६२ म्हणजे ३९६८, अधिक १ म्हणजे ३९६९ आणि तो ६३ चा वर्ग.

दोन्हीकडे एक-दोन अंकी उत्तरे. मधल्या ६१ ला मात्र लागणारी संख्या नऊ अंकी आणि वर्गमूळ दहा अंकी. शंभरच्या आतल्या कोणत्याही गुणकासाठी याच्याएवढी मोठी किमान उत्तरे लागत नाहीत. या कोड्यात अडकायचेच असेल, तर ६१ सारखी दुसरी जागा शंभरपर्यंत सापडत नाही.

भास्कराचार्यांनी ते कसे सोडवले?

त्यांच्या पद्धतीचे नाव चक्रवाल. एका अपुऱ्या उत्तरापासून सुरुवात करायची, त्यातून त्याहून चांगले उत्तर तयार करायचे, तीच क्रिया पुन्हा करायची. चाक फिरत राहते आणि शेवटी हवे ते उत्तर येते. यात चार शब्द लक्षात ठेवले की पुरे. ६१ ही प्रकृती. ज्या संख्येचा वर्ग ६१ ने गुणायचा ती कनिष्ठ. शेवटी जे वर्गमूळ येते ते ज्येष्ठ. आणि मध्ये जे मिळवावे किंवा वजा करावे लागते तो क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा आहे.

पायरी १: कनिष्ठ १ घ्या. ६१ मध्ये ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. क्षेप १ हवा होता, ३ आला.

पायरी २: आता अशी एक संख्या शोधायची, की तिला कनिष्ठाने गुणून ज्येष्ठ मिळवल्यावर क्षेपाने, म्हणजे ३ ने, भाग जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. ७ ही ती संख्या. ७ आणि ८ मिळून १५, भागिले ३ म्हणजे ५. हा नवा कनिष्ठ. ७ चा वर्ग ४९, तो ६१ पेक्षा १२ ने कमी, १२ भागिले ३ म्हणजे ४. म्हणून नवा क्षेप उणे ४. तपासा: ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १५२५, वजा ४ म्हणजे १५२१ आणि तो ३९ चा वर्ग. कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९.

पायरी ३: क्षेप उणे ४ आला की चाक आणखी फिरवत बसायची गरज उरत नाही. इथे ब्रह्मगुप्तांची रीत कामाला येते. दोन उत्तरे एकमेकांशी गुंफून तिसरे उत्तर तयार करायच्या त्या रीतीला भावना म्हणतात. इथे कनिष्ठ आणि ज्येष्ठ दोन्ही निम्मे केले की क्षेप उणे ४ ऐवजी उणे १ होतो, पण संख्या अपूर्णांकात जातात. त्या उत्तराची स्वतःशीच दोनदा भावना केली की अपूर्णांक नाहीसे होतात आणि कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८ मिळतो. क्षेप अजूनही उणे १ आहे. तपासा: ३८०५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे ८८,३१,५९,५२५. त्यातून १ वजा केल्यावर ८८,३१,५९,५२४ आणि तो २९७१८ चा वर्ग.

पायरी ४: या उत्तराची पुन्हा स्वतःशी भावना. उणे १ गुणिले उणे १ म्हणजे १, म्हणून क्षेप १ झाला. नवा कनिष्ठ म्हणजे ३८०५ आणि २९७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट: २२,६१,५३,९८०. नवा ज्येष्ठ म्हणजे वरच्या दोन मोठ्या संख्यांची बेरीज: १,७६,६३,१९,०४९.

हेच उत्तर. सात वर्षांचे काम चार पायऱ्यांत झाले. पायरी ३ पर्यंतची तपासणी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सहज होते. शेवटच्या उत्तराचा वर्ग १९ अंकी असल्याने साधा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गोल करून टाकतो. एक्सेलही १५ अंकांनंतर शून्ये भरते. त्यामुळे कोड्यातला तो एकच १ दिसेनासा होतो. ही तपासणी कागदावर किंवा मोठ्या पूर्ण संख्या हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करावी लागते. पूर्ण आकडा असा: ३११९८८२९८२८६०२६४४०१. यातून १ वजा केला, की उरलेल्याला ६१ ने निःशेष भाग जातो.

६१ मूळ संख्या असण्याचा काय संबंध?

६१ ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला भाग जात नाही. शिवाय ४ ने भागल्यावर तिची बाकी १ उरते. अशा प्रत्येक मूळ संख्येचा एक गुण आहे, ती दोन वर्गांची बेरीज असते. ६१ म्हणजे २५ अधिक ३६, म्हणजे ५ चा आणि ६ चा वर्ग. अशाच मूळ संख्यांसाठी क्षेप उणे १ असलेले उत्तर हमखास मिळते. वर पायरी ३ मध्ये नेमके ते मिळाले.

आता मोठ्या उत्तरामागची एक गोष्ट उलगडते. ६१ च्या वाटेत आधी उणे १ चा मुक्काम येतो आणि तिथून १ वर पोहोचण्यासाठी उत्तर स्वतःशीच गुंफावे लागते. त्यात अंकांची संख्या दुप्पट होते. २९७१८ हे पाच अंकी, पुढचे उत्तर दहा अंकी. संख्या फुगण्याचे हे एकमेव कारण नसले, तरी ६१ च्या बाबतीत त्याचा वाटा मोठा आहे.

भास्कराचार्यांचे दुसरे उदाहरण ६७ तपासा. हीदेखील मूळ संख्या, पण ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते. ती दोन वर्गांची बेरीज होत नाही आणि तिच्यासाठी उणे १ चा मुक्काम येतच नाही. तिची उत्तरे ५९६७ आणि ४८८४२ एवढ्यावरच थांबतात.

हा भेद भास्कराचार्यांना ठाऊक होता का? मूळ संख्येच्या आजच्या भाषेत त्यांनी तो मांडलेला नाही. पण गुणक दोन वर्गांची बेरीज नसेल, तर क्षेप उणे १ असलेले कोडे सुटत नाही, हा नियम बीजगणितात स्पष्ट आहे.

मग शोधाचे श्रेय कोणाचे?

या प्रश्नावर समाजमाध्यमांत बरीच ओढाताण होते, म्हणून क्रम नीट पाहावा. भावना ही रीत ब्रह्मगुप्तांची, इसवी सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तातील. चक्रवाल पद्धतीची रीत जयदेव नावाच्या गणितज्ञाच्या नावे सापडते. त्याचे श्लोक उदयदिवाकर याने १०७३ मध्ये आपल्या टीकेत उद्धृत केले, म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माच्या ४१ वर्षे आधी. त्यामुळे चक्रवाल पद्धत भास्कराचार्यांनीच शोधली, हे विधान टिकत नाही. त्यांनी ती सुटसुटीत करून मांडली आणि ६१ सारख्या सर्वांत चिवट उदाहरणावर चालवून दाखवली. पूर्वसूरींचे ऋण ते लपवत नाहीत. बीजगणिताच्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची नावे ते घेतात.

१६५७ मध्ये फ्रान्समध्ये पिएर द फर्मा यांनी याच प्रकारचे कोडे युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवले. सोपी उदाहरणे हवी असतील तर घ्या, म्हणून त्यांनी निवडलेल्या संख्या होत्या ६१ आणि १०९. शंभरच्या आत ६१ चे उत्तर सर्वांत मोठे आणि त्याला मागे टाकणारी पुढची संख्या १०९. तिचे उत्तर १५ अंकी आहे. म्हणजे फर्मा यांनी जाणूनबुजून सर्वांत टणक दोन खडे टाकले होते. भास्कराचार्यांनी पाच शतके आधी त्यातला एक फोडला होता, याची युरोपात तेव्हा कोणाला माहिती नव्हती.

इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी उत्तर काढण्याची रीत दिली. अठराव्या शतकात ऑयलर यांनी हे काम चुकून जॉन पेल यांच्या नावे केले आणि आजही पाठ्यपुस्तकांत पेलचे समीकरण असेच नाव चालते. अशा प्रत्येक कोड्याला उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांज यांनी त्याच शतकात दिली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात रीत आहे, ती नेहमी यशस्वी होईलच याची सिद्धता नाही. चक्रवालापुरती ती सिद्धता विसाव्या शतकात भारतीय गणितज्ञ कृष्णस्वामी अय्यंगार यांनी मांडली.

उतारवय आणि लीलावतीची गोष्ट

सिद्धान्तशिरोमणीनंतर ३३ वर्षांनी, ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांचे वय ६९ होते. पंचांग करणाऱ्याला हाताशी ठेवता येईल असा तो आटोपशीर ग्रंथ आहे. त्यांच्या हयातीचे हे शेवटचे पक्के साल. मृत्यूचे साल म्हणून छापले जाणारे ११८५ हे अंदाजाचे आहे.

भास्कराचार्यांचे नाव निघाले की सांगितली जाते ती लीलावतीची गोष्ट. मुलीच्या कुंडलीत वैधव्य होते, ते टाळण्यासाठी वडिलांनी लग्नाचा अचूक क्षण काढला, वेळ मोजायला पाण्यात घटिकापात्र ठेवले, वाकून पाहणाऱ्या मुलीच्या अंगावरचा मोती त्यात पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि दुःखी मुलीच्या नावाने वडिलांनी ग्रंथ लिहिला, अशी ती कथा.

ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. तिचा प्रसार झाला तो अकबराच्या दरबारातील फैझीच्या फारसी भाषांतरामुळे, आणि ते भाषांतर १५८७ चे, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ लीलावतीत उदाहरणे घालताना बाळे, मृगनयने, सखे अशी वेगवेगळी संबोधने येतात. त्यावरून लीलावती ही मुलगी होती, पत्नी होती की कल्पित शिष्या, हे ठरवता येत नाही. पाटणच्या शिलालेखातही वंशावळ मुलगा आणि नातू अशीच चालते.

आजोबांच्या पुस्तकांसाठी मठ

कथेपेक्षा कमी सांगितली जाणारी, पण दगडावर कोरलेली गोष्ट नातवाची आहे. चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने पाटणला मठ काढला. त्या भागातील निकुंभ घराण्याच्या सोइदेव आणि हेमाडिदेव या सामंतांनी मठाला दान दिले. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा हा लेख आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे. मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा शेवटचा भाग मात्र त्या काळच्या मराठीत कोरलेला आहे, म्हणजे देणाऱ्याघेणाऱ्यांच्या बोलीत.

या तपशिलाचे महत्त्व असे, की बाराव्या शतकात ग्रंथ लिहून भागत नसे. तो शिकवणारा, हाताने नकलून घेणारा आणि त्या माणसांना पोसणारा कोणी तरी लागे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांना ही सोय पहिल्या पिढ्यांतच मिळाली. पुढे त्यांवर टीका लिहिल्या गेल्या, फारसी भाषांतरे झाली आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी लीलावती व बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध केले. भास्कराचार्यांनी काढलेले ६१ चे उत्तर युरोपला नीट कळले ते अशा भाषांतरांतून. फर्मा यांच्या आव्हानाला तोवर १६० वर्षे झाली होती.

आजच्या सर्वांत मोठ्या मूळ संख्येशी नाते

ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी विक्रमी मूळ संख्या जाहीर झाली. २ हा आकडा १३,६२,७९,८४१ वेळा मांडून गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. ही संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. अमेरिकेतील ल्यूक ड्युरांट यांनी ती शोधली. एवढी मोठी संख्या मूळ आहे, याची खात्री लुकास-लेहमर चाचणीने केली जाते. एकोणिसाव्या शतकात लुकास यांनी ती मांडली आणि १९३० च्या सुमारास लेहमर यांनी तिला आजचे रूप दिले.

चाचणी सांगायला सोपी आहे. ४ पासून सुरू करा. दर वेळी वर्ग करून २ वजा करा. ४, १४, १९४, ३७६३४ अशी साखळी तयार होते. पाच वेळा २ गुणून १ वजा केल्यावर ३१ येतात. साखळीतल्या चौथ्या संख्येला, ३७६३४ ला, ३१ ने भाग जातो: भागाकार १२१४, बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ. मोठ्या संख्येसाठी साखळी लांब होते, एवढाच फरक.

आता ही साखळी निम्मी करून पाहा: २, ७, ९७. ६१ च्या जागी ३ घेऊन तेच जुने कोडे मांडले, तर कनिष्ठ १, ज्येष्ठ २. त्याची स्वतःशी भावना केली की ज्येष्ठ ७. पुन्हा केली की ९७. म्हणजे विक्रमी मूळ संख्या तपासताना संगणक जी क्रिया कोट्यवधी वेळा करतो, ती पायरी ४ मधल्या भावनेसारखीच आहे. लुकास यांनी ती भास्कराचार्यांकडून घेतली, असा याचा अर्थ नाही. वेगळ्या वाटेने निघालेले लोक गणितात त्याच जागी येऊन पोहोचतात, त्याचे हे एक उदाहरण आहे.

बीडसाठी याचा अर्थ काय?

विज्जडवीड म्हणजे बीडच, असे आज ठामपणे म्हणता येत नाही आणि नाहीच असेही म्हणता येत नाही. त्यासाठी नावातल्या साम्याच्या पुढे जाणारा पुरावा लागेल: एखादा शिलालेख, ताम्रपट किंवा जुन्या पोथीतली नोंद. भाऊ दाजींनी पाटणचा लेख पुढे आणला तेव्हा भास्कराचार्यांना जाऊन साडेसहा शतकांहून अधिक काळ लोटला होता, म्हणजे असा पुरावा उशिरा सापडू शकतो. मराठवाड्यातील मंदिरांच्या भिंतींवर, बारवांत, शेताच्या बांधावर पडलेले कोरीव दगड रंगाखाली किंवा सिमेंटखाली जाऊ न देणे, हे कोणत्याही दाव्याच्या आधी करायचे काम आहे.

६१ च्या उत्तरासाठी मात्र अशी वाट पाहावी लागत नाही. कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप उणे ४ ही पायरी बीडमधला आठवीतला विद्यार्थी आज वहीच्या एका पानावर पडताळू शकतो, आणि पाटणमधलाही.